एक सूत कमी

४ जानेवारी

प्रिय काडी,

फोनवर तू सगळ्याला "हो हो" म्हणतेस आणि फोन ठेवला की विसरतेस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. उत्तरही कागदावरच हवं.

गेल्या रविवारी सिस्टरना भेटून आले. आपल्या शिवणवर्गाच्या सिस्टर. येत्या वीस मार्चला त्यांना नव्वद पूर्ण होतील. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण मी दारात पाऊल टाकलं मात्र, म्हणाल्या, "मॉनिटर ना? चपला अजून तशाच वाजवतेस." शाळेच्याच कॉन्व्हेंटमध्ये लहानशी स्वच्छ खोली, एक खाट, एक खुर्ची. खिडकीखालीच शाळेचं मैदान, पण खिडकी बंद. वर सरकवायची जुनी खिडकी आहे, वर थांबतच नाही, धाडकन खाली येते. आणि कोणी हातानं धरून ठेवली तरी सिस्टरना थंडी सोसत नाही. "मुलींचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच," म्हणाल्या, आणि लगेच तुझ्या नवऱ्याच्या दातांची चौकशी करू लागल्या. तू त्यांना काय काय लिहितेस गं?

परतताना बसमध्येच ठरवलं. आपण दोघींनी त्यांना गोधडी करून द्यायची. निम्मी तू, निम्मी मी. प्रत्येकीनं साठ चौकोन जोडायचे, बारा ओळी, ओळीत पाच. शिवून झाल्यावर चौकोन बरोबर सहा इंचांचा हवा, म्हणजे कापताना साडेसहा. तुझा भाग मला पाठव. दोन्ही भाग जोडणं, अस्तर लावणं, वरून धावदोरा घालणं माझ्याकडे.

आता मुख्य मुद्दा. घरातली फूटपट्टी चालणार नाही. गोधडीची पट्टी वेगळी असते. जाड, पारदर्शक, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा. खालचं कापड दिसतं, हलत नाही. माझ्याकडे तीन आहेत, एक लांब, एक चौरस, एक तिरक्या कापासाठी. तू निदान चौरस घे, साडेसहाचीच. कापडावर ठेवायची आणि कडेनं कापायचं. मोजायची भानगडच नाही, म्हणजे तुला चुकायलाही वाव नाही.

तुझी,
मॉनिटर

ता. क. आपल्या गणवेशाच्या निळ्या रंगाचं कापड मिळालं तर बघ.


११ जानेवारी

प्रिय मॉनिटर,

हो हो. (हे कागदावर आहे, जपून ठेव.)

कल्पना ऐकून मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. ह्यांनी विचारलं, "पाय मुरगळला का?" चौतीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोचा आनंद ओळखता येऊ नये?

पट्टी बघून आले. बाजाराच्या टोकाला बटणं, दोरे, नाड्या विकणारं दुकान आहे. मालकीणबाईंनी काउंटरवर अकरा पट्ट्या मांडल्या. पिवळ्या रेघांच्या, काळ्या रेघांच्या, एक घसरू नये म्हणून खाली खरखरीत ठिपके असलेली, एक तर षटकोनी. मी एकेक उचलून डोळ्यापुढे धरली आणि त्यातून दुकान बघितलं. सगळं जग कसं चौकटीत बसतं गं! पिवळ्या रेघा गडद कापडावर छान दिसतात, काळ्या फिक्यावर. मला पिवळी आवडली. किंमत विचारली आणि हळूच खाली ठेवली.

"मावशी, आयुष्यभर टिकते ही," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, मग माझं किती उरलंय ते बघून भाव सांगा."

त्या हसल्या खऱ्या, पण भाव काही हलला नाही. म्हटलं, विचार करून येते. साडेसहा इंचांच्या तुकड्यासाठी आठवड्याच्या भाजीचे पैसे! साध्या पट्टीनं, नीट लक्ष देऊन मापलं तर नाही का चालणार?

तुझी,
काडी


१७ जानेवारी

प्रिय काडी,

नाही चालणार.

"नीट लक्ष देऊन" हे शब्द तुझ्या तोंडी ऐकून सूनबाईसुद्धा हसली, आणि ती तुला दोनदाच भेटली आहे. अगं, एका चौकोनात केसभर फरक पडला तर बारा चौकोनांत केवढा पडेल? दोन भाग जुळले नाहीत तर गोधडी व्हायचीच नाही, आणि नव्वदावा वाढदिवस पुढे ढकलता येत नाही.

अडचण असेल तर स्पष्ट लिही, मी एक घेऊन पाठवते. पोस्टात मोडली तर मोडली.

मॉनिटर


२५ जानेवारी

प्रिय मॉनिटर,

घेतली! पाठवायची काही गरज नाही. आम्ही काही एवढे हे नाही.

छान आहे पट्टी. पारदर्शक आहे. म्हणजे आरपार दिसतं. रेघाही आहेत.

बाकी मजेत. ह्यांच्या कवळीचं काम झालं एकदाचं. दातांच्या डॉक्टरांनी तीन वेळा माप घेतलं. आता हे आरशापुढे उभे राहून "शिस्त, शिट्टी, शिशपेन्सिल" म्हणतात, सराव म्हणून. पहिले दोन दिवस हसले की मला वाटायचं दुसरंच कोणी घरात शिरलंय.

चौकोन कापायला घेतले आहेत. माझा जुना झगा, ह्यांच्या कारखान्यातल्या तीन खाकी सदरे, बैठकीचे पडदे, आणि (बसली असशील तर वाच) गणवेशाचा निळा स्कर्ट! आईच्या ट्रंकेत तळाशी होता. आता माझ्या एका पायातही जाणार नाही. मशीन नाही, सगळं हातानंच शिवते आहे, दुपारी खिडकीशी बसून. सिस्टर मागे उभ्या आहेत असं वाटतं आणि टाके आपोआप बारीक पडतात.

तुझी,
काडी


१६ फेब्रुवारी

प्रिय काडी,

पार्सल मिळालं. उघडल्याबरोबर निळे चौकोन दिसले आणि मी तो भाग कमरेला लावून आरशापुढे उभी राहिले. आमच्या घरात ही बातमी समजली जाते. टाकेही सुरेख, मानलं तुला.

मग तुझा भाग माझ्या भागाशेजारी जमिनीवर पसरला. काडी, तुझा भाग दीड इंच आखूड आहे.

वरचं टोक जुळवलं तर खाली दीड इंच कमी. खालचं जुळवलं तर वर. मधली एकही शिवण समोरच्या शिवणीला भेटत नाही. वाटलं, धुताना आटलं असेल. म्हणून एकेक चौकोन मोजला. साठच्या साठ चौकोन एक सूत कमी. इंचाचा आठवा भाग, ना कमी ना जास्त. एखादा चुकला असता तर म्हटलं असतं, काडीच ती. पण साठही सारखेच चुकले म्हणजे चूक तुझी नाही, पट्टीची आहे!

मी तशीच उठले आणि आमच्या इथल्या दुकानात गेले. म्हटलं, "तुम्ही लोक खोट्या पट्ट्या विकता." बिचाऱ्यानं सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून दाखवल्या. सगळ्या बरोबर. गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी नको असलेली चार रिळं घेऊन बाहेर पडले.

तेव्हा तुझ्या दुकानातलीच खोटी असणार. पावती पाठव. आणि कागदावर पट्टी ठेवून तिच्या चारी कडा पेन्सिलीनं आखून तो कागद पाठव. त्या बाईंना मी अशी काही लिहिते की बघच.

दिवस थोडे उरलेत. लगेच पाठव.

मॉनिटर


२१ फेब्रुवारी

प्रिय मॉनिटर,

त्या बाईंना काही लिहू नकोस. त्यांनी मला काहीच विकलेलं नाही.

पट्टीसाठी बाजूला ठेवलेले पैसे कवळीत गेले. दुसऱ्यांदा माप घेतलं त्याचे वेगळे पडले. ह्यांना नुसतं पातळ खाऊन महिना झाला होता. मी पैसे दिले आणि पट्टी घेतली म्हणून तुला कळवलं. तू "अडचण असेल तर लिही" असं लिहिलंस ना, तिथेच माझा पेन अडला. तुझ्याकडे तीन आहेत आणि मला एक परवडत नाही, हे लिहायला हात उचलेना.

मग चौकोन कशानं मापले? हे त्याहून अवघड आहे. दोनदा लिहून फाडलं.

आठवीत शिवणवर्गाच्या कपाटातून शिसवी पट्टी गेली होती, मागे सात आकडा कोरलेली. किल्ली तुझ्याकडे असायची. तू कपाट उघडं टाकून घंटा द्यायला पळालीस, आणि मी ती पट्टी दप्तरात घातली. चोरायची नव्हती गं. आईनं शेजारणीचा झगा शिवायला घेतला होता, घरी पट्टी नव्हती, ती बोटांनी मापत होती. म्हटलं, आज नेते, उद्या आणून ठेवते. उद्या आले तर वर्गात गहजब, आणि तू दाराबाहेर उभी. तुझा बिल्ला सिस्टरच्या टेबलावर. माझी जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं, तिसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. त्याला शेहेचाळीस वर्षं झाली.

ती पट्टी माझ्याकडेच आहे. आई गेल्यावर माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात असते. तिनंच मापले साठही चौकोन. सिस्टरचीच पट्टी, ती खोटी कशी असेल, हे मात्र मला खरोखर कळत नाही.

तुला जे म्हणायचं ते म्हण.

काडी


४ मार्च

सौ. मॉनिटरबाई यांस,

सादर नमस्कार. मी काडीचा नवरा. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घालावी.

आपलं पत्र नाही म्हणून ही रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो येऊन गेला की भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते. काल मी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. मी पट्टी मागितली, टोक बघितलं आणि चूक कोणाची ते ओळखलं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवायची आहे. ती वर थांबावी म्हणून गेली अकरा वर्षं ही पट्टी मी खाली उभी लावतो. किंचित लांब पडायची, अडकायची. म्हणून पहिल्याच वर्षी टोक कानशीनं घासून एक सूत कमी केलं. घासलं ते नेमकं आकडे सुरू होतात ते टोक. हिला सांगितलं नाही, कारण त्या वेळी सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

बाई, मी एकोणचाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक असला तर माल परत पाठवायचो. आणि घरात मापाची पट्टी घासून ठेवली. ही गोष्ट कारखान्यात कोणाला कळू नये एवढी विनंती.

चुकीची भरपाई म्हणून सोबत एक वस्तू पाठवतो. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याला दिव्यांची नवी पाटी लावली. जुनी, पारदर्शक ऍक्रिलिकची, जिन्याखाली पडून होती. ती मागून आणली, कापली, कडा घासल्या, टोचणीनं रेघा ओढून त्यांत पिवळा रंग भरला. हिला पिवळ्या आवडल्या होत्या. एक हिला, एक आपल्याला. साडेसहा इंच, चौरस. कोपऱ्यात लाल "दा" दिसतो तो "दातांचा दवाखाना" मधला. तो निघाला नाही.

पट्टीची चोरी हिची, पण आखूडपणा माझा. रागाची वाटणी त्या हिशेबानं व्हावी.

आपला,
काडीचा नवरा


९ मार्च

प्रिय काडी (आणि भाऊजी),

आधी राग. तो केल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

तीन दिवस! तीन दिवस मी त्या दाराबाहेर उभी होते, आणि त्या तीन दिवसांत तू तुझा सगळा डबा मला दिलास. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "सगळा वर्ग माझ्याकडे बघत नाही, फक्त काडी माझी खरी मैत्रीण." शेहेचाळीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगते आहे. सूनबाईलाही सांगितली आहे. आता ती परत कशी घेऊ?

तुझं पत्र फाडलं नाही, पण ट्रंकेत अगदी तळाशी घातलं. ठरवलं होतं, तुझा भाग परत पाठवायचा आणि माझ्या निम्म्या भागाचंच पांघरूण करायचं.

मग काय झालं ते ऐक. माझ्याकडे तीन पट्ट्या आहेत, असं मी तुला तोऱ्यात लिहिलं होतं. "आहेत" हे खरं, "माझ्या" हे नाही. त्या सूनबाईच्या आहेत. ती गोधड्या शिवून विकते, तिच्या पोटापाण्याच्या आहेत त्या. ती कामाला बाहेर पडली की मी घेते, वापरते, पुसते आणि होत्या तशा परत ठेवते. विचारायचं एवढंच होतं, पण सासूनं सुनेकडे पट्टी मागायची? मान खाली गेली असती ना माझी!

गेल्या शुक्रवारी ती लवकर परतली. लांब पट्टी माझ्या गादीखाली. ती शोधते आहे, मी टीव्ही बघते आहे, टीव्ही बंद आहे. उद्या गुपचूप ठेवून देऊ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कामवाल्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुठे हलवलीत का?" त्या बिचाऱ्या दारातच उभ्या राहिल्या, झाडू हातात. काडी, त्यांना तसं उभं बघितलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. अगदी तू लिहिलंस तशी. साठीला टेकलेली बाई मी! तेराव्या वर्षी तुझी काय गत झाली असेल?

मी गादी उचलली. सूनबाई एवढी हसली की खाली बसली. म्हणाली, "आई, मागितली असती तर दिली नसती का?" कामवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांची मी दोनदा माफी मागितली, दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "राहू द्या, चहा टाका." तेव्हा तुझं प्रकरण मिटलं असं समज. अर्थात अधूनमधून टोमणे मारीन, तो माझा हक्क.

भाऊजी, तुमची पट्टी सूनबाईच्या पट्टीवर ठेवून बघितली, केसाचाही फरक नाही. सूनबाई विचारते आहे, तिच्या ओळखीच्या सहाजणी घ्यायला तयार आहेत, परवडेल अशा भावात करून द्याल का? कोपऱ्यातला "दा" सुद्धा चालेल म्हणते.

आता गोधडी. तुझं काही उसवायचं नाही, काडी. दोन्ही भागांच्या मधोमध मी निळ्या कापडाची उभी पट्टी घालते, म्हणजे शिवणी समोरासमोर न आल्या तरी खटकणार नाहीत. तुझ्या भागाला खाली दीड इंचाची निळी जोड. स्कर्टचं उरलेलं कापड असेल तर आजच्या आज पाठव. रोज बसले तर अठरापर्यंत होईल.

तुझी,
मॉनिटर


१३ मार्च

माझ्या लाडक्या मॉनिटर,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा ह्यांनी वाचून दाखवलं, नव्या दातांनी, त्यामुळे "शेहेचाळीस" ला जरा वेळ लागला.

स्कर्टचा घेर पाठवते आहे, पट्टा सोडून सगळा. वीस तारखेला सकाळच्या बसनं येते, थांब्यावर भेट. शिसवी पट्टी बरोबर आणते आहे. सिस्टरच्या हातात देणार आणि तोंडानं सगळं सांगणार, तुझ्यासमोर. शब्द पाठ केले आहेत. ह्यांच्यापुढे दोनदा म्हणून दाखवले.

पाटीचे आणखी तुकडे आहेत, हे कारखान्यातल्या लेथ यंत्रावर असल्यासारखे गॅलरीत बसले आहेत. कपाळावर चष्मा, कानावर पेन्सिल. किती दिवसांनी शीळ घालताहेत. कवळी लावून शीळ घालता येते हे मलाही माहीत नव्हतं.

खिडकीला आता लाटणं लावलं आहे.

तुझी,
काडी


२९ मार्च

माझ्या मुलींनो,

अक्षर शेजारच्या खोलीतल्या सिस्टरचं, शब्द माझे. दोघींना एकच पत्र, आळीपाळीनं वाचा, भांडू नका.

वीस तारखेला तुम्ही एवढी गडबड केलीत की गोधडीबद्दल मला काही बोलताच आलं नाही. तुम्ही गेल्यावर ती अंगावर घेतली आणि बोटांनी वाचली. उजवा भाग मॉनिटरचा. प्रत्येक टाका हजेरीला उभा. डावा काडीचा. दोऱ्याला गाठ मारताना तू अजून दोनदा गुंडाळतेस, तेव्हाही सांगितलं होतं की एकदा पुरते. डावीकडचे चौकोन जरा लहान आहेत. का, ते त्या दिवशी कळलं नाही.

काडी, त्या दिवशी तू तीनदा घसा खाकरलास आणि तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललीस. दुसऱ्या दिवशी गोधडी झटकताना पायाकडच्या न उलगडलेल्या घडीतून काहीतरी खाली पडलं. आवाजावरूनच शिसवी वाटली. मागे अंगठा फिरवला. सात. मग टोकाला बोट लावलं, आणि डावीकडचे चौकोन लहान का, तेही कळलं.

पट्टीनं आता मापता येणार नाही. पण खिडकी वर करून ती खाली उभी लावून बघितली. मुलींनो, अगदी बरोबर बसते. सूतभर लांब असती तर अडकली असती. मी आता सकाळी खिडकी उघडून, गोधडी मानेपर्यंत ओढून बसते. मधल्या सुट्टीत खाली कोणीतरी मुलगी रोज दुसरीवर ओरडते, "मी मॉनिटर आहे, माझं ऐक!" दुसरी ऐकत नाही.

काडी, तू पट्टी नेलीस म्हणून शिक्षा व्हायलाच हवी. तीन दिवस उभी राहा. जेवायला बसलीस तरी चालेल.

मॉनिटर, तेव्हा मी चौकशी न करताच तुला दाराबाहेर उभं केलं. ती चूक तुझी नव्हती, काडीचीही नव्हती, माझी होती. फार वेळ उभी राहिलीस, बाळ. आता बस.

तुमची,
सिस्टर